फुली कोणापुढे?

1912 सालच्या नोव्हेंबर महिन्याची 26 तारीख. लंडनच्या पूर्व भागातील बो आणि ब्रॉम्ली या गरीब कामकरी वस्तीत पोटनिवडणुकीचे मतदान चालू होते. जॉर्ज लॅन्सबरी हा मजूर पक्षाचा सभासद. दोन वर्षांपूर्वीच तो येथून निवडून आला होता. स्त्रियांना मत मिळेपर्यंत सरकारच्या प्रत्येक ठरावाविरुद्ध मत द्यावे, ही त्याची मागणी त्याच्या पक्षाने फेटाळली, तेव्हा त्याने आपली जागा सोडली आणि केवळ स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न घेऊन तो पुन्हा मतदारांपुढे उभा राहिला. त्याच्यासाठी पँकहर्स्ट मायलेकींच्या संघटनेने साऱ्या लंडनमधून कार्यकर्त्या आणल्या, मोटारी आणल्या. मोटारी बायकांकडे आणि मतदारांच्या याद्या स्थानिक मजूर कार्यकर्त्यांकडे! याद्या कोणाच्या हाती द्यायच्या आणि मोटारी कोणाच्या हुकमाने चालवायच्या, यावर दोघांचे जुळले नाही आणि ऐन मतदानाच्या वेळी मोटारी उभ्याच राहिल्या, असे सांगतात. लॅन्सबरी 751 मतांनी पडला. त्याची गेलेली जागा परत मिळायला त्याला दहा वर्षे लागली.

हा प्रसंग आम्ही आरंभीच सांगितला, याचे कारण निराळे आहे. आपल्या जिव्हाळ्याचा एकच प्रश्न हाती घेऊन सार्वत्रिक निवडणुकीच्या बाजारात उतरणाऱ्या मतदारासमोर जो पेच उभा राहतो, तो त्या दिवशी बोच्या रस्त्यावर मोटारींच्या रूपाने उभा होता. प्रश्न आपला, पण याद्या पक्षाच्या. 2024 सालच्या जुलैच्या 4 तारखेला ब्रिटनमध्ये जी निवडणूक झाली, तीत काही हजार, कदाचित काही लाख स्त्रिया नेमक्या याच पेचात सापडल्या होत्या. त्यांना तिकडे 'जेंडर-क्रिटिकल' म्हणतात. त्यांनी आपले मत कसे तोलले, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जाऊनच यावे लागते. कारण ज्या तराजूत त्यांनी ते तोलले, तो तराजू त्यांच्या पणज्यांनी घडविलेला होता.

पणज्यांच्या त्या काळात स्त्री-मताधिकाराच्या दोन मोठ्या संघटना होत्या. एक मिलिसेंट फॉसेटबाईंची, 1897 साली अनेक लहान मंडळ्या एकत्र येऊन बनलेली. सभा, अर्ज, शिष्टमंडळे या सनदशीर मार्गाने जाणारी. (या बाईंचे यजमान प्रोफेसर हेन्री फॉसेट हे पार्लमेंटात आपल्या देशाच्या जमाखर्चावर इतके तळमळीने बोलत, की त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' म्हटले जाई. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे नाव चांगलेच ठाऊक होते.) दुसरी संघटना एमेलाइन पँकहर्स्टबाईंची, 1903 साली मँचेस्टरात निघालेली, खिडक्या फोडणारी, तुरुंगात जाऊन उपास करणारी. जगाला ही दुसरीच अधिक आठवते, आणि त्यात नवल नाही. परंतु निवडणुकीच्या प्रश्नावर या दोघींनी जी धोरणे आखली, ती खिडक्यांच्या काचांपेक्षा अधिक टिकली.

फॉसेटबाईंचे पहिले धोरण साधे होते. पक्ष पाहू नका, माणूस पाहा. मतदारसंघात जे उमेदवार उभे असतील, त्यांना प्रश्न विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि स्त्रियांना मत देण्याच्या बाजूने जो सर्वांत खंबीर असेल त्याचे काम करा. पँकहर्स्ट मंडळींनी याला हसण्यावारी नेले. एकट्या सभासदाच्या सद्भावनेने काय होते? पार्लमेंटात पक्षाचा प्रतोद शिटी फुंकतो आणि सगळे सद्भाव रांगेत उभे राहतात. तेव्हा सत्तेवर असलेल्या पक्षाचा उमेदवार पाडा. मग तो वैयक्तिकरीत्या आपला मित्र का असेना. 1906 च्या ऑगस्टमध्ये कॉकरमथ येथील पोटनिवडणुकीत क्रिस्टाबेल पँकहर्स्टने हे धोरण उघड केले. तेथे रॉबर्ट स्माइली हा खाणकामगारांचा पुढारी मजूर पक्षातर्फे उभा होता. क्रिस्टाबेलची सारी जुनी नाती त्याच पक्षाशी. तिने त्यालाही पाठिंबा दिला नाही. फक्त सरकारी उमेदवाराला विरोध केला. जागा हुजूर पक्षाला गेली, आणि मजूर पक्षातील तिचे स्नेही बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.

तिसरे धोरण सर्वांत रंजक आहे, आणि आमच्या मते सर्वांत कमी अभ्यासिले गेले आहे. 1911 साली कॉमन्स सभेने मर्यादित स्त्री-मताधिकाराचे एक तडजोडीचे विधेयक दुसऱ्या वाचनात 255 विरुद्ध 88 अशा प्रचंड बहुमताने उचलून धरले होते. वर्षभरात, 1912 च्या मार्चमध्ये, तशाच विधेयकाला 208 मते पडली आणि विरोधात 222. चौदा मतांनी घात केला. ज्या 'मित्रांनी' लेखी उत्तरे दिली होती, त्यांतले कितीतरी त्या दिवशी विरुद्ध गेले किंवा घरीच बसले. माणूस पाहण्याचे धोरण त्या रात्री संपले, असे म्हटले तरी चालेल. त्याच वर्षीच्या जानेवारीत मजूर पक्षाने ठराव केला होता, की स्त्रियांना वगळणारी मताधिकाराची कोणतीही सुधारणा आम्हाला मान्य नाही. एवढे स्पष्ट वचन दुसऱ्या कोणत्याच पक्षाने दिले नव्हते. तेव्हा फॉसेटबाईंच्या संघटनेने मे महिन्यात एक निवडणूक-निधी उभारला आणि मजूर उमेदवारांमागे पैसा आणि माणसे उभी केली. संघटनेतल्या बहुतेक बाया उदारमतवादी पक्षाच्या घराण्यांतल्या, सुखवस्तू! त्या आता खाणकामगारांच्या वस्त्यांत जाऊन मजुरांसाठी मते मागू लागल्या. काहींना हे पटले नाही आणि त्या बाहेर पडल्या. क्रू आणि मिडलोथियन या दोन पोटनिवडणुकांत या मदतीने मजूर उमेदवारांनी इतकी मते खाल्ली, की उदारमतवाद्यांच्या दोन्ही जागा गेल्या. पण गेल्या कोणाकडे? हुजूर पक्षाकडे, म्हणजे जो पक्ष स्त्रियांच्या मताला त्याहूनही थंड होता त्याच्याकडे. सरकारला चिमटा बसला, हे खरे. पण चिमटा घेणाऱ्या बोटांनाही थोडा चटका बसलाच.

आणि चौथा मार्ग म्हणजे स्वतःच उभे राहणे. 1907 साली विंबल्डनला बर्ट्रांड रसेल मताधिकाराचा उमेदवार म्हणून उभा राहिला आणि सपशेल पडला. पुढे महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, तीस वर्षांवरील आणि घरपट्टीची अट पुरी करणाऱ्या सुमारे 85 लाख स्त्रियांना मत मिळाले. आता बायका एकगठ्ठा मतदान करतील, पक्षांचे बारा वाजतील, अशी भीती पुष्कळांना वाटत होती. क्रिस्टाबेलने 'स्त्रियांचा पक्ष'च आधी काढला होता आणि 1918 च्या डिसेंबरात ती स्मेदिक येथे उभी राहिली. सरकारी आघाडीचा तिला आशीर्वाद होता, तरी मजूर उमेदवाराने तिला 775 मतांनी पाडले. बायकांनी मते दिली ती बहुधा नवऱ्याप्रमाणे किंवा बापाप्रमाणे किंवा गल्लीप्रमाणे नव्हे, तर पुरुषांप्रमाणेच. म्हणजे भाडे, भाकरी, युद्ध आणि मुलांची शाळा या सर्वांचा एकदम विचार करून. एकगठ्ठा स्त्री-मत हे पुढाऱ्यांच्या स्वप्नातले जनावर ठरले. प्रत्यक्षात ते कोणाला दिसले नाही.

(येथे एक आपली आठवण. 1919 साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन, जी पुढे बॅरिस्टर झाली, हिंदी स्त्रियांच्या मतासाठी साक्ष देण्यास लंडनला गेल्या होत्या. पार्लमेंटाने तो प्रश्न प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपविला, आणि 1921 साली मद्रास व मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मत मिळाले. विलायतेतील मताधिकारवादी बायांचा या मायलेकींना आधार झाला होता.)

आता एकदम आपल्या शतकात येऊ.

2002 साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला, की ज्यांनी पुरुषाचे स्त्री किंवा स्त्रीचे पुरुष असे जीवनांतर केले आहे, त्यांना कायद्याने ओळख न देणे हा त्यांच्या खाजगी आयुष्याचा भंग आहे. त्यानुसार ब्लेअर यांच्या मजूर सरकारने 2004 साली एक कायदा केला. वैद्यकीय निदान आणि त्या रूपात दोन वर्षे जगल्याचा पुरावा दिला, की प्रमाणपत्र मिळे. शस्त्रक्रियेची अट नव्हती. त्या वेळी फार गाजावाजा झाला नाही. पुढे 2010 साली समानतेचा एकत्रित कायदा झाला. त्यात 'लिंग' हेही संरक्षित लक्षण ठरले आणि 'लिंगांतर' हेही. आणि कारण योग्य असेल तेथे केवळ स्त्रियांसाठी वेगळ्या सोयी ठेवण्याची मुभा राहिली. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात शेजारी-शेजारी नांदत होत्या. 'लिंग' म्हणजे जन्माचे की प्रमाणपत्राचे, हे कायद्याने स्वच्छ सांगितले नव्हते. मसुदा लिहिणाऱ्यांना ते सांगण्याची गरज त्या दिवसांत भासली नसावी.

ठिणगी पडली ती 2017-18 साली. मे-बाईंच्या हुजूर सरकारनेच, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, वैद्यकीय निदानाची अट काढून निव्वळ स्वतःच्या घोषणेवर प्रमाणपत्र द्यावे काय, असा प्रश्न लोकांपुढे ठेवला. एक लाखाहून अधिक उत्तरे आली. त्याच सुमारास स्त्रियांच्या नव्या मंडळ्या निघाल्या. त्यांतल्या पुढारी बायांपैकी पुष्कळ जणी कामगार संघटनांतून, डाव्या चळवळींतून, पीडित स्त्रियांच्या आश्रयगृहांच्या कामातून आलेल्या होत्या. मराठीत अलीकडे शरीराचे ते 'लिंग' आणि समाजातल्या ओळखीचा तो 'लिंगभाव' असे दोन शब्द रूढ झाले आहेत. या बायांचे म्हणणे असे, की लिंग ही शरीराची वस्तुस्थिती आहे, ती घोषणेने बदलत नाही. आणि तुरुंग, रुग्णालयातील कक्ष, आश्रयगृह, खेळाची शर्यत, जनगणना अशा काही ठिकाणी कायद्याने ती वस्तुस्थितीच धरली पाहिजे. एरवी कोणी कसे राहावे, कसे नेसावे, यास आमची हरकत नाही, असेही त्यांतल्या बहुतेक सांगत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितक्याच तळमळीचे होते. संख्येने थोड्या असलेल्या, रस्त्यात मार खाणाऱ्या, दवाखान्याच्या यादीत वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या माणसांकडे तुम्ही संशयाने पाहता, आणि त्यांचे रोजचे जगणे दर वेळी पुराव्याला लावता. या बाजूलाही स्त्रिया होत्या, आणि स्त्रीवादी म्हणविणाऱ्याही होत्या. वाद दोन घरांतला नव्हता. तो एकाच घराच्या माजघरातला होता, आणि म्हणूनच इतका कडवट झाला.

मजूर पक्षात तो किती कडवट झाला, याचे एक उदाहरण पुरे. 2020 च्या फेब्रुवारीत पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक चालू असताना एका गटाने उमेदवारांपुढे एक प्रतिज्ञापत्रक ठेवले. त्यात वर सांगितलेल्या मंडळ्यांपैकी एकीला 'द्वेषाची संघटना' म्हटले होते आणि तशी मते असणाऱ्यांना पक्षातून काढावे, अशी मागणी होती. दोघी उमेदवारांनी त्यावर सह्या केल्या. कीर स्टार्मर यांनी केली नाही. आणि तेच निवडून आले. पक्षातल्या शेकडो बायांनी तेव्हा जाहीरपणे म्हटले, 'मग आम्हालाही काढा.' ज्या पक्षासाठी तीस-तीस वर्षे पत्रके वाटली, त्याच पक्षाने उंबऱ्यावर उभे करून हिशेब मागावा, हे दुःख पुढच्या चार वर्षांत त्यांच्या प्रत्येक विचारात मिसळलेले दिसते. माया फोर्स्टॅटर या बाईचे प्रकरण याच काळातले. तिची ही मते लोकशाही समाजात आदरास पात्र नाहीत, असे 2019 साली कामगार न्यायाधिकरणाने ठरविले. 2021 च्या जूनमध्ये वरच्या न्यायाधिकरणाने ते फिरविले आणि अशी श्रद्धा बाळगणे कायद्याने संरक्षित आहे, असे सांगितले. तेव्हापासून या मंडळींना कोर्टाची वाट अधिक भरवशाची वाटू लागली.

स्कॉटलंडात गोष्ट आणखी पुढे गेली. तेथील पार्लमेंटाने 2022 च्या 22 डिसेंबरला स्वयंघोषणेचे विधेयक 86 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केले. वय सोळावर आणले. सत्ताधारी राष्ट्रीय पक्षाबरोबर तेथील मजूर आणि उदारमतवादी सभासदांनीही, काही अपवाद सोडता, बाजूने मत दिले. पुढच्याच महिन्यात लंडनच्या हुजूर सरकारने 1998 च्या स्कॉटलंड कायद्यातील कधीही न वापरलेले एक कलम काढून ते रोखून धरले. त्याच जानेवारीत बलात्काराच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेली एक व्यक्ती, जिने अटकेनंतर लिंगांतर सुरू केले होते, प्रथम स्त्रियांच्या तुरुंगात पाठविली गेली आणि गवगवा झाल्यावर पुरुषांच्या तुरुंगात हलविली गेली. ज्यांनी या प्रश्नाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांनाही तो त्या आठवड्यात कळला.

अशी सारी पूर्वपीठिका असताना ऋषी सुनक यांनी 2024 च्या 22 मे रोजी निवडणूक जाहीर केली. 3 जूनला मंत्री केमी बेडनॉक यांनी वचन दिले, की आम्ही पुन्हा आलो तर समानतेच्या कायद्यात 'लिंग' म्हणजे जैविक लिंग, असे स्पष्ट लिहू. मजूर पक्ष म्हणाला, याची जरुरी नाही, आहे तो कायदा पुरेसा आहे. मात्र प्रमाणपत्राची पद्धत आम्ही सोपी करू आणि तज्ज्ञ डॉक्टरचे निदान तेवढे कायम ठेवू. स्वयंघोषणेचे आपले जुने धोरण त्या पक्षाने 2023 च्या जुलैतच सोडले होते. उदारमतवादी आणि ग्रीन या पक्षांनी उलट निदानाची अटच नको म्हटले.

येथे एखाद्या परक्याला वाटेल, की मग या बायांचा निर्णय सोपा होता: वचन दिले त्याला मत द्यावे. परंतु निवडणूक म्हणजे एकाच मालाचे दुकान नव्हे. तेथे गाठोडे विकत घ्यावे लागते, आणि गाठोड्यात काय काय बांधले आहे हे घेणाऱ्याला पुरते ठाऊक असते. हुजूर पक्ष 2010 पासून, म्हणजे चौदा वर्षे, सत्तेवर होता. त्या वर्षांत सरकारी काटकसरीने स्थानिक मंडळांचे हात आखडले, आणि ज्या आश्रयगृहांसाठी या बाया भांडत होत्या त्यांच्याच अनुदानांना कात्री लागली. स्वयंघोषणेचा घाट प्रथम याच पक्षाने घातला होता. कायदा दुरुस्त करायचा होता तर चौदा वर्षांत का केला नाही, निवडणुकीच्या महिन्यातच का आठवला? शिवाय आणखी एक गोष्ट पुष्कळांना खुपली होती. 2024 च्या 7 फेब्रुवारीला पार्लमेंटात सुनक यांनी स्टार्मर यांना 'बाई म्हणजे काय हे यांना सांगता येत नाही' अशा धर्तीचा टोला हाणला. आणि त्याच दिवशी, वर्षापूर्वी खून झालेल्या एका सोळा वर्षांच्या लिंगांतरित मुलीची आई पार्लमेंटच्या इमारतीत आली होती. आपला प्रश्न टाळी घेण्यासाठी वापरला जातो आहे, ही जाणीव या बायांतल्या अनेकींना त्या दिवशी झाली, आणि ती सुखाची नव्हती.

मग त्यांनी काय केले? ज्यांची मते जाहीर झाली त्यांवरून पाहता, पणज्यांचे चारही मार्ग त्यांनी पुन्हा चोखाळले. माणूस पाहण्याचा पहिला मार्ग सर्वांत लोकप्रिय होता. उमेदवारांना प्रश्न पाठवावेत, उत्तरे छापावीत, न देणाऱ्यांची नावेही छापावीत, ही फॉसेटबाईंची पद्धत अगदी जशीच्या तशी. 2022 च्या स्थानिक निवडणुकांतच एक मोहीम निघाली होती: माझी फुली हवी असेल तर माझ्या लिंगाचा मान राखा. (तिकडे मतपत्रिकेवर शिक्का नसतो, पेन्सिलीने फुली मारतात.) कँटरबरीत हा मार्ग सोपा होता. तेथे मजूर पक्षाच्या रोझी डफील्ड उभ्या होत्या, आणि त्या स्वतः याच मतांच्या. त्यांच्या मतदारसंघातल्या बाईला पक्षही राखता येत होता आणि प्रश्नही. डफील्ड यांना मात्र सुरक्षिततेच्या काळजीने उमेदवारांच्या जाहीर सभांना जाणे टाळावे लागले. एडिनबरोत उलट स्थिती. तेथे राष्ट्रीय पक्षाच्या जोॲना चेरी या स्त्रियांच्या बाजूने स्वपक्षाशी भांडलेल्या वकीलबाई. पण त्यांना मत म्हणजे ज्या पक्षाने ते विधेयक आणले त्याला मत. मित्र हवा, पण पक्ष नको, अशा मतदाराने काय करावे? चेरी पडल्या. त्या पडल्या यात या प्रश्नाचा वाटा किती आणि स्कॉटलंडभर आलेल्या मजूर लाटेचा किती, हे वेगळे काढून दाखविणे कठीण आहे. आम्हाला लाटेचाच मोठा वाटतो.

सरकार पाडण्याचा दुसरा मार्ग यंदा उफराटा झाला होता. पडणार होते ते सरकार वचन देणारे, आणि येणार होते ते न देणारे. म्हणून काहींनी क्रिस्टाबेलचे सूत्र फिरवून घेतले: जो पक्ष येणार हे ठरलेलेच आहे, त्याला फार मोठे बहुमत मिळू देऊ नये. आणि काहींनी अगदी उलटा विचार केला, जो आम्हाला अधिक मुरलेला वाटतो: येणाऱ्या पक्षातच आपली माणसे राहिली पाहिजेत, बाहेर गेलेल्याचे ऐकतो कोण? मजूर पक्षात राहून झगडणाऱ्या बायांचा एक गट होता, त्याने बहुधा याच विचाराने फुली मारली. कादंबरीकार जे. के. रोलिंग यांनी 2008 साली मजूर पक्षाला दहा लाख पौंड दिले होते. त्यांनी 2024 च्या जूनमध्ये 'टाइम्स'मध्ये लिहिले, की या पक्षाने माझ्यासारख्या स्त्रियांना झिडकारले आहे आणि त्याला मत देणे मला जड जाईल. 'जड जाईल' हा शब्द नीट पाहावा. 'देणार नाही' असे त्यांनी म्हटले नाही. एका आयुष्यभराच्या सवयीचे वजन त्या एका शब्दात आहे.

चौथा मार्ग, स्वतःचा पक्ष काढण्याचा, तोही कोणी घेतला. 'पार्टी ऑफ विमेन' या नावाने काही उमेदवार उभे राहिले आणि त्यांना अगदी किरकोळ मते मिळाली. स्मेदिकचीच पुनरावृत्ती, फक्त अधिक केविलवाणी. आणि शेवटी अशाही बाया होत्या ज्यांनी कोणापुढेच फुली न मारता मतपत्रिकेवर आपले म्हणणे लिहून ती बाद केली. आपल्याकडे 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. ब्रिटनमध्ये तशी सोय नाही. तेथे बाद मतांची मोजणी होते, पण त्यावर काय लिहिले होते ते निकालात येत नाही. उमेदवारांचे प्रतिनिधी आणि मोजणारे कारकून तेवढे ते वाचतात.

निकाल सर्वांना माहीत आहे. मजूर पक्षाला 411 जागा, आणि मते मात्र शेकडा 33.7. हुजूर पक्ष 121 वर येऊन आपटला. मतदान शेकडा साठाच्या आसपास. लोकमताच्या पाहण्यांत महागाई, रुग्णालये आणि स्थलांतर हे प्रश्न वर होते. हा प्रश्न पुष्कळ खाली. त्याने निकाल ठरविला, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. पण निकाल न ठरविणारा प्रश्न मतदाराचे मन ठरवीत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या बाईने तीस वर्षांत प्रथमच मतदानाच्या खोलीत पेन्सिल हातात धरून पाच मिनिटे विचार केला, तिची ती पाच मिनिटे कोणत्याच पाहणीत सापडत नाहीत.

त्यानंतर जे घडले ते मात्र कोणत्याच बाजूच्या अटकळीप्रमाणे नाही. ज्यांनी भीत-भीत मजूर पक्षाला मत दिले, त्यांनी पाहिले की मुलांना दिल्या जाणाऱ्या यौवनरोधक औषधांवर मागील सरकारने घातलेली तात्पुरती बंदी नव्या आरोग्यमंत्र्यांनी 2024 च्या डिसेंबरात बेमुदत केली. रोझी डफील्ड मात्र निवडून आल्यावर तीन महिन्यांच्या आतच, सप्टेंबरात, पक्ष सोडून अपक्ष झाल्या. त्यांच्या राजीनाम्यात गरिबांविषयीच्या धोरणांचा आणि नेत्यांनी घेतलेल्या भेटवस्तूंचा राग होता. आणि ज्या व्याख्येसाठी एका पक्षाने वचन दिले, दुसऱ्याने नाकारले, ती व्याख्या तिसऱ्याच दाराने आली. 2018 साली स्कॉटलंडने सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा केला होता. त्यातील 'स्त्री' या शब्दावर 'फॉर विमेन स्कॉटलंड' या मंडळीने खटला भरला. तो स्कॉटलंडच्या न्यायालयांत एकदा जिंकत, तीनदा हरत अखेर लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2025 च्या 16 एप्रिलला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की 2010 च्या कायद्यातील 'स्त्री' आणि 'लिंग' हे शब्द जैविक अर्थाचे आहेत. निकाल वाचताना लॉर्ड हॉज यांनी बजावले, की हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नये. लिंगांतरित व्यक्तींना भेदभावापासून कायद्याचे संरक्षण आहेच. ज्यांना बजावले त्यांपैकी एका बाजूने न्यायालयाच्या पायरीवर गाणी म्हटली आणि दुसरी बाजू भयभीत झाली.

तीन दिवसांनी, शनिवारी 19 तारखेला, हजारो लोक निषेधासाठी लंडनच्या पार्लमेंट चौकात जमले. त्या चौकात चर्चिलचा पुतळा आहे, 2015 पासून गांधीजींचा आहे, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये तेथे पहिल्यांदाच एका स्त्रीचा पुतळा उभारण्यात आला. तो फॉसेटबाईंचा. त्यांच्या दोन्ही हातांत एक फलक धरलेला आहे. त्या शनिवारी कोणीतरी त्या फलकावर रंगाने आपली घोषणा लिहिली.